चाळीस छातीला मुंढा किती?

"आमच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप लागणार नाही!" असं म्हणून जावईबापूंनी टेबलावर मूठ आपटली. टेबलाच्या कडेला इस्त्री होती, ती त्यांच्या पायावर पडली. तरी माणूस जागचा हलला नाही!

सगळी गल्ली त्यांना जावईबापू म्हणते, कारण खाली सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान आणि वरच्या दोन खोल्यांत हे. बायको सासऱ्यांना हातशिलाईला मदत करते आणि जावईबापू 'कात्री' चालवतात. कात्री म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. माप घाला, की कपडा कापायचा कागदी नमुना छापून हातात! फुकट, आणि आतली सगळी रचना उघडी. कुणीही बघावी, चूक काढावी, सुधारावी. नऊ गावांतले नऊ स्वयंसेवक त्यांच्या मदतीला आहेत. लग्नाचा वाढदिवस जावईबापू दोनदा विसरले आहेत, पण कात्रीचा कधीच नाही.

तर भानगड झाली तक्रारवहीवरून. कात्रीत काही चुकलं, तर लोकांनी इंटरनेटवरच्या या वहीत, म्हणजे बग ट्रॅकरवर, लिहायचं. वही सगळ्यांना मोकळी होती, त्यामुळे शंभर तक्रारींतल्या नव्वद टकलावर केस उगवण्याच्या जाहिराती असत! आता दाराला कुलूप हवं, लोकांनी लॉगिन करूनच आत यावं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुलूप कोणतं, यावर मात्र कुणाचंच जमेना.

"मोठ्या कंपनीचं खातं प्रत्येकाकडे असतंच की," कात्रीचे नमुने तपासणाऱ्या स्वयंसेविका नर्सबाई संगणकाच्या पडद्यावरून म्हणाल्या. "त्यानेच लॉगिन करू दे. एक बटण दाबलं की आत!"

"म्हणजे आपल्याच घरात शिरायला परक्याची चिठ्ठी? शक्य नाही!"

"मग साधा पासवर्ड ठेवा," चष्मेवाला प्रोग्रामर म्हणाला.

"लोकांना स्वतःच्या बायकोचा फोन नंबर पाठ नसतो, आणि ते पासवर्ड लक्षात ठेवणार?"

"ईमेलवर दुवा पाठवू."

"तो उघडेपर्यंत माणूस तक्रारच विसरेल!"

मग जावईबापूंनी आपला हुकमी पत्ता टाकला. दारात एकच प्रश्न विचारायचा, तोही असा, की खऱ्या शिंप्यालाच यावा: चाळीस इंच छातीच्या शर्टाला मुंढ्याची खोली किती? बाही जिथे जोडतात तो मुंढा. तो खांद्यापासून किती खाली उतरवायचा, हे केसवाल्याला काय कळणार! उत्तर बरोबर आलं की आत, चुकलं की बाहेर. "आणि सवलत कुणालाही नाही," ते छाती काढून म्हणाले. "प्रत्येक वेळी, प्रत्येकाला हाच प्रश्न. मलासुद्धा!"

स्वयंसेवकांनी महिनाभराची मुदत दिली. महिन्याच्या शेवटी सभा आणि मतदान. "हरलो, तर कात्रीच्या किल्ल्या तुमच्या हवाली करून मी बाजूला होईन," असंही जावईबापू बोलून बसले. बायको दारात उभी राहून ऐकत होती. दहा वर्षं या माणसाने दुसरं केलं काय होतं?

आता प्रश्नाचं उत्तर काय ठेवायचं? त्यात काय विचारायचं, कात्री सांगेल ते! आणि कात्री सांगत होती, बारा. त्याच आठवड्यात जावईबापूंनी मुंढ्याच्या हिशोबात स्वतः सुधारणा केली होती. जुने शर्ट त्यांना काखेत काचत होते. मुंढा मोठा, तर हात मोकळा, इतकी सरळ गोष्ट शिंप्यांना इतकी वर्षं कशी सुचली नाही, याचं त्यांना नवलच वाटलं.

प्रश्न दारात बसला आणि चमत्कार झाला. पहिला आठवडा, तक्रारी शून्य. दुसरा आठवडा, शून्य!

"बघितलंस?" जावईबापू बायकोला म्हणाले. "कात्रीत आता चूक उरलेलीच नाही!"

"अहो, पण दुकानाचा फोन सारखा वाजतोय. कुठले कुठले शिंपी तुम्हाला विचारतात. मुंढ्याचं काहीतरी म्हणत होते."

"तोंडी तक्रार चालणार नाही! रीतसर नोंदवा म्हणावं."

हा त्यांचा जुना नियम. नोंद नाही, तर चूक नाही. चूक नाही, तर दुरुस्ती नाही. घरातही तोच कायदा. चहात साखर कमी पडली, तरी ते स्वतः चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावत.

वहीत सभासद मात्र एक झाला होता, आणि तो होता केसवाला. कात्रीच्या मदतीच्या पानावर बारा हा आकडा छापलेला होता, तो त्याने तिथून उचलला होता. "निदान वाचून तरी आला!" जावईबापू म्हणाले आणि दारातून न जाता प्रोग्रामच्या आतूनच जाहिरात पुसून टाकली.

तिसऱ्या आठवड्यात सासरे स्वतः जिना चढून वर आले. कात्रीच्या दहाव्या वाढदिवसानिमित्त जावईबापूंनी नऊ स्वयंसेवकांना आणि स्वतःला गडद निळे शर्ट शिवायला टाकले होते. नमुने अर्थातच कात्रीचे.

"जावईबापू, मुंढा चुकलाय," सासरे कागद पुढे करत म्हणाले. "फार खाली उतरलाय. असा शर्ट घालून—"

"बाबा, तोंडी नको. रीतसर नोंदवा."

"अहो, मी समोर उभा आहे!"

"नियम म्हणजे नियम, बाबा."

सासरे चष्मा पुसून संगणकासमोर बसले. प्रश्न वाचला, एका बोटाने 'साडेनऊ' टाइप केलं आणि बटण दाबलं.

'क्षमस्व. आपण शिवणकामातले दिसत नाही.'

बेचाळीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाने ते वाक्य दोनदा वाचलं. मग ते उठले, कागदाची नीट घडी घातली आणि खाली निघून गेले. बायको जावईबापूंकडे अशी बघत राहिली, की दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. जावईबापूंनाही आत कुठेतरी टोचलं. पण एकाला सवलत दिली, की उद्या सगळेच मागणार! सासऱ्यांनी मात्र दहाच्या दहा शर्ट कागदाबरहुकूम शिवले, पाव इंचाचाही फरक केला नाही.

सभेच्या दिवशी पडद्यावर नऊ चौकोनांत नऊ निळे शर्ट दिसले. पोस्टाने आलेला शर्ट प्रत्येकाने कडक इस्त्री करून, पँटमध्ये नीट खोचून घातला होता. जावईबापूंचा ऊर भरून आला. मागे सासरे आणि बायको स्टुलांवर बसले होते.

"महिनाभरात तक्रारी शून्य!" जावईबापूंनी गर्जना केली. "याला म्हणतात कुलूप! तरी मतदान घेतो. पण त्या पडद्यावरच्या बटणाने नाही, ते बटणही परक्याचंच. हात वर करून, उघड उघड! मोठ्या कंपनीचं खातं कुणाकुणाला हवंय?"

पडद्यावर जरा चुळबुळ झाली. नर्सबाई खांदे उडवल्यासारखं काहीतरी करत होत्या. चष्मेवाल्याची कॉलर चष्म्यापर्यंत चढली आणि परत खाली आली. कुणाचाही हात खांद्याच्या वर गेला नाही.

"एकही नाही!" जावईबापू ओरडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मला ठाऊक होतं! आता माझ्या प्रश्नाच्या बाजूने कोण आहे?"

आणि सगळ्यात आधी त्यांनी स्वतःचा हात जोरात वर नेला. म्हणजे, न्यायला गेले. हात खांद्याशी अडला आणि त्याच्याबरोबर अख्खा शर्ट वर यायला लागला. आणखी जोर लावला, तर पोट उघडं पडलं आणि कॉलर नाकावर आली.

"अहो, आम्ही मघापासून हात वरच करतोय!" चष्मेवाला कॉलरीच्या आतून ओरडला. "शर्ट करू देत नाही!"

"मी तर दोन्ही करून बघितले!" नर्सबाई म्हणाल्या.

जावईबापू कॉलरीतून नाक बाहेर काढून सावकाश मागे वळले. सासरे मांडीवर हात ठेवून शांत बसले होते.

"मुंढा खाली उतरला, की बाही अंगाला बांधल्यासारखी होते," ते म्हणाले. "शिवायला लागल्यावर पहिल्या महिन्यात कळतं ते."

"मग कुणीच कशी तक्रार केली नाही?" जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं. आणि वाक्य संपायच्या आत उत्तर त्यांचं त्यांनाच कळलं. ज्याला चूक समजत होती, त्याला दार उघडत नव्हतं. वाजणारा फोन, मुंढ्याचं काहीतरी म्हणणारे शिंपी, बाबांचं ते साडेनऊ... शून्य तक्रारींचं सगळं रहस्य त्यांच्या अंगावर होतं, खिशावर कात्रीचं भरतकाम केलेलं.

शेवटी नर्सबाईंनीच घसा साफ केला. "दोन्ही बाजूंना शून्य मतं. म्हणजे ठराव नाही. किल्ल्या सध्या तुमच्याकडेच राहू देत. शर्ट दुरुस्त झाले, की पुन्हा मतदान घेऊ."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. "बाबा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. करून द्याल ना दुरुस्त?"

"कापलेलं कापड जोडून मिळत नाही. काखेत जादा तुकड्यांच्या कळ्या घालाव्या लागतील. घालीन मी." सासऱ्यांनी चष्मा नाकावर चढवला. "पण तोंडी नको. आधी रीतसर नोंदवा."

बायकोने पदर तोंडाशी नेला. नऊ निळे शर्ट हलायला लागले. जावईबापू निमूट संगणकाकडे वळले, तक्रारवही उघडली आणि प्रश्नाखाली साडेनऊ टाइप केलं.

'क्षमस्व. आपण शिवणकामातले दिसत नाही.'

"बारा लिहा, जावईबापू," सासरे मागून म्हणाले. "मलाही सुचलं होतं ते. पण बेचाळीस वर्षांत खोटं माप कधी लिहिलं नाही, म्हणून राहिलं."

जावईबापूंचे कान लाल झाले. "मोठ्या कंपनीचं खातं मी तरीही घेणार नाही, सांगून ठेवतो!" ते नऊ चौकोनांना उद्देशून खणखणीत आवाजात म्हणाले आणि गुपचूप बारा लिहिलं.

दार लगेच उघडलं. 'सुस्वागतम्! आपल्यासारख्या जाणकारांमुळेच कात्री उभी आहे.' वाक्य त्यांनीच लिहिलेलं होतं. आणि त्याखाली सभासदांची यादी होती. एक केसवाला, आणि दुसरे जावईबापू!