गोडादरे मुक्कामी मंत्रावाचून लागलेल्या लग्नाची हकीकत

आरंभी देवतांचे स्मरण करावे, ऐसा बखरकारांचा दस्तुर. परंतु हकीकतच देव न बोलाविता लागलेल्या लग्नाची, सबब त्यांस तसदी न देता मजकूर लिहावयास घेतला.

सुरत शहरी, गोडादरा परगणियात, राजश्री हेमराजराव यांची कन्या नूतनबाई आणि सचिन नामे औद्योगिक वसाहतीतील कापडाच्या लूम कारखान्यातील फिटर वैभवराव यांनी मसलत केली की, भटजी नको, होम नको, उभयतांनी आपल्या तोंडे वचने द्यावी. हेमराजरावांनी रुकार दिला. अक्षता तेवढ्या राखिल्या, कारण तांदूळ कोणत्या धर्मात नसून डब्यात असतो. मग हे वर्तमान हेमराजरावांच्या मातोश्री धुरपदाबाई यांजपुढे गेले. बाईंची सारी हयात लूमच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरण्यात गेली, तेणेकरून कान मंद. त्यांचे फर्मान सुटले, "मंत्र नको त नको. पन जे बोलशात ते मना कानवर पडाले जोयजे. नहीत मी अक्षदा टाकाव नही." आणि आजीबाईंनी अक्षता टाकिल्यावाचून खानदेशाहून आलेली सोयऱ्यांची फौज पंगतीस बसणार नाही, हे मुलूखजाहीर. सबब लग्नाची सारी मदार त्या दोन कानांवर येऊन राहिली.

मग सोसायटीच्या हॉलात फौजा दाखल जाहल्या, वरण-बट्टीचा सरंजाम सिद्ध जाहला, आणि आजीबाईंच्या खुर्चीच्या दोहो बाजूंस दोन स्पीकर तोफांप्रमाणे मांडिले. मंगलाष्टके नसल्याने अक्षता कधी टाकाव्या याची कोणास खबर नाही. वधूचे मामा राघोराव यांनी तो माइकवाल्याच्या "हॅलो, चेक" यावरच मूठ रिती करून दारूगोळा संपविला.

इतक्यात गनीम आला. परक्या कोणा नवरदेवाची वरात डीजेसह हॉलच्या दाराशी ठाकली आणि खिडक्यांच्या काचा नाचू लागल्या, मग राघोरावही नाचू लागले. हेमराजराव स्वतः वकील होऊन तहास गेले. डीजेवाल्याने अदबीने अर्ज केला, "काका, बस, आ छेल्लुं गीत." परंतु एका शेवटच्या गीतापोटी दुसरे शेवटचे गीत जन्मास येई. वचने माइकात शिरली ती कोठे गेली कळेना. आजीबाईंनी मूठ घट्ट मिटली, हेमराजरावांचा धीर सुटला, आणि बट्टी निवू लागली.

तेव्हा नूतनबाईंनी माइक खाली ठेविला. चालत्या लूमपाशी शब्द पोहोचत नाही, तेथे हातांनीच बोलावे लागते. आजीपाशी वाढलेली नात ती बोली जाणत होती आणि फिटर नवरदेव तर त्याच बोलीवर पगार खात होते. नूतनबाईंनी दोन बोटे विलग करून हवेत गाठ मारली, की धागा तुटला तर दोघे मिळून सांधू. वैभवरावांनी मनगट ठोकून छातीवर हात ठेविला, की तू थकशील ती पाळी माझी. मग उभयतांनी एकाच वेळी मूठ उगारून नकाराचे बोट हलविले, की चालते यंत्र कोणी एकट्याने बंद करू नये. हॉलातील अवघी लूमकरी मंडळी समजली. डीजे गर्जतच राहिला, त्यास कोणी पुसेना.

आजीबाई उभ्या राहिल्या. "समदं ऐकं मी," ऐसा हुकूम जाहला आणि पहिली मूठ सुटली. मग जो मारा जाहला, त्यात राघोरावांनी जमिनीवरचे तांदूळ वेचून पुन्हा टाकिले.

मातोश्रींचे डोळे भरलेले पाहून हेमराजरावांनी कारण पुशिले. त्या वदल्या, "मना लगीनमा भटजी काय बोलना, एक अक्षर समजनं नही. आज पहिला डाव लगीन समजनं."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. वधूवर राजी, मातोश्री राजी. बट्टी गार होती, सबब तूप दुप्पट वाढिले, हे लिहून ठेविले असे.