गिदोन मास्तरांची तपकिरी सही

गिदोन मास्तरांचं अक्षर बघून माणसानं हातच जोडावेत, असं निदान गिदोन मास्तरांचं तरी ठाम मत होतं! राहुरीजवळच्या एका मिशन शाळेत ते चौथीला शिकवत. पोराला पाढे आले नाहीत तरी एक वेळ चालेल, पण त्याच्या 'ळ'ला पोट हे आलंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. अशा माणसाच्या हाती फौंटन पेन लागलं म्हणजे काय होणार? मिशनचे म्हातारे साहेब विलायतेला परत जाताना आपलं पेन मास्तरांना देऊन गेले, आणि तेव्हापासून मास्तर छाती अशी काढून चालत की खिसा आधी पोचे आणि मास्तर मागाहून.

पण पेन आलं आणि शाई गेली! लढाई चालू होती. विलायती शाईच्या बाटल्या बाजारातून गडप झालेल्या. वाण्याकडे पुडीची निळी शाई मिळायची, नाही असं नाही. पण निळी! निळ्या शाईनं तर तलाठीही सही करतो. साहेब करायचे ती तपकिरी शाईनं. काय तिचा डौल! तपकिरी सही म्हणजे माणूस मोठा, हे मास्तरांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि मोठं दिसायची घाई आताच होती, कारण लग्न ठरत होतं. देवळाली प्रवऱ्याच्या चर्चचे पाळक प्रभुदास यांची मुलगी एलिझाबेथ मुलींच्या शाळेत शिकवायची. नाताळच्या कार्यक्रमात मास्तरांनी फळ्यावर वळणदार अक्षरात स्वागत लिहिलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "छान आहे हो, पण वाचायला वेळ लागतो." त्या एका वाक्यावर मास्तरांचा जीव जडला! करीन तर हिच्याशीच, नाहीतर जन्मभर चौथीच शिकवीन, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

अडचण एकच. व्यसनाच्या बाबतीत पाळकसाहेब महाजहाल. त्यांच्या घरचा नियमच होता: नवऱ्यामुलानं चारचौघांत निर्व्यसनी राहण्याच्या शपथेवर सही करायची, मग ती मोठ्यानं म्हणायची, आणि मगच साखर वाटायची. मोठ्या मुलीच्या वेळी एका चांगल्या कमावत्या मुलाच्या कोटाला विडीचा वास आला, तर त्याला त्यांनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं.

"आपल्याला कसली भीती?" मास्तर मामांना म्हणाले. "सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही! मामा, तुम्ही बघाच. सही अशी करतो की सासऱ्यांनी ती फ्रेम करून भिंतीला लावली पाहिजे!"

मास्तरांना आईवडील नव्हते. यशयामामांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. मामा गालात तंबाखूचा बार धरून असत. बार थुंकून आल्यावर म्हणाले, "फ्रेम ऱ्हाऊ दे. पोरगी मिळाली म्हंजे झालं."

तर शाई! मास्तरांनी पुष्कळ विचार केला आणि एका रविवारी त्यांना उत्तर सापडलं. कात! पानाला लावतात तो कात. पाण्यात उकळला की अगदी साहेबांच्या सहीचा रंग. मास्तर तडक राहुरीच्या बाजारात कानिफनाथ पानवाल्याकडे गेले.

"कानिफनाथ, कात दे. चांगला गडद."

कानिफनाथ ताडकन उभाच राहिला. "मास्तर! तुमी बी? लई आनंद झाला बघा! पान कोनचं लावू? चुना, सुपारी, समदं देतो."

"नुसता कात दे."

"नुसता?" कानिफनाथ जवळ सरकून हळूच म्हणाला, "नवं नवं हाय तवर असंच वाटतं. पर चुन्याबिगर गंमत न्हाई मास्तर."

"अरे बाबा, मला लिहायला पाहिजे!"

"व्हय व्हय," कानिफनाथनं डोळा मारला. "आमची समदीच गिऱ्हाईकं असं काय बाय सांगून नेत्यात."

मास्तरांनी घरी येऊन कात उकळला, फडक्यातून गाळला आणि त्यात बाभळीचा डिंक घातला. पेनात भरून कागदावर 'एलिझाबेथ' असं लिहिलं. अहाहा! खारकेसारखा रंग! मास्तरांनी ते नाव उजेडाला धरून बघितलं, लांबून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं.

"डिंक लई झाला का रं?" मामांनी बोटं चोळून पाहत विचारलं. "चिकटाय लागलं हाय."

"मामा, शाईला अंग पाहिजे!"

अंग आलं, आणि ते चांगलंच आलं!

पुढच्या रविवारी उपासना आटोपल्यावर मामा-भाचे बैलगाडीनं देवळालीला निघाले. ऊन असं की बैलांनीही झाड दिसलं की थांबावं. मास्तर पांढरीशुभ्र पॅन्ट, पांढरा कोट आणि खिशात पेन अशा थाटात ताठ बसलेले. खिशातल्या खिशात शाई आटत होती, पण त्याचा मास्तरांना पत्ता नव्हता. मामांनी तंबाखूची चंची मात्र घरी ठेवली होती. मास्तरांनी तशी त्यांना गळ्याची शपथच घातली होती.

पाळकसाहेबांच्या ओसरीवर पाचपन्नास माणसं जमली होती. चर्चच्या मंडळीतले लोक होते, शेजारच्या शेतकऱ्याच्या घरच्या छबूबाई होत्या. पाळकसाहेब उंचेपुरे, पांढऱ्या दाढीचे, आवाज असा की साधं "या, बसा" म्हटलं तरी माणसाला आपली पापं आठवावीत. त्यांच्या पत्नी रोझीबाई चहाचं बघत होत्या. दाराआड एलिझाबेथ उभी होती. तिनं मास्तरांकडे बघून किंचित हसल्यासारखं केलं आणि मास्तरांना भर उन्हाळ्यात गार वाटलं!

मेजावर शपथेचा कागद होता. पाळकसाहेबांनी बोरू आणि दौत पुढं केली.

"नको, माझं पेन आहे," मास्तर म्हणाले आणि टोपण काढलं. सगळ्यांच्या माना पुढं झाल्या. मास्तरांनी कोपर हवेत उचललं, मनगट दोनदा फिरवलं आणि निब कागदाला टेकवली.

काही नाही. मास्तरांनी पेन दाबलं. कागदाला भोक पडलं, पण शाईचा थेंब नाही! झटकलं, तरी नाही. उलटं धरून मेजावर ठोकलं, तरी नाही.

"भाता मारा त्येला," मागून कुणीतरी सुचवलं.

मास्तरांनी निबेत फुंकर मारली. मग पेन ओठात धरून जोरात ओढलं. डिंकाचा बोळा सुटला आणि आतली बरीचशी शाई भस्सकन मास्तरांच्या तोंडात आली! काताची ती तुरट चव! पण पाळकसाहेबांच्या समोर थुंकणार कुठे? मास्तरांनी डोळे मिटून घोट गिळला, उरलेल्या शाईत झोकात सही केली आणि पेन खिशाला लावलं. सही मात्र देखणी आली होती!

"उत्तम," पाळकसाहेब म्हणाले. "आता मोठ्यानं म्हणा."

मास्तर उठले. छाती काढली. तोंड उघडलं.

"मी तंबाखू, विडी आणि विडा यांना कधी शिवलो नाही, आणि..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. मास्तरांचे दात, जीभ, ओठ, सगळं तपकिरी! हनुवटीवरून एक ओघळ कॉलरकडे निघाला होता. चार पिढ्या तंबाखू खाल्ली तरी कुणाचे दात इतके रंगणार नाहीत!

"गिदोनराव," पाळकसाहेब सावकाश म्हणाले, "शपथ घेताना तरी बार काढून ठेवायचा!"

"शाई आहे हो! शाई!"

"तपकिरी?"

"मी स्वतः केली!"

"राहुरीच्या बाजारात तुम्ही पानवाल्याकडे गेला होता, असं माझ्या कानावर आलं होतं. मी विश्वास ठेवला नाही. आधी मागच्या अंगणात जाऊन तोंड धुऊन या. मग बघू."

मास्तर रडकुंडीला आले. मागच्या अंगणात हौदाजवळ त्यांनी चूळ भरली, राखेनं दात घासले, पण डिंक घातलेला कात तो! हटेना. मामा धावत मागोमाग आले.

"मामा, माझं लग्न मोडतंय! कायतरी करा!"

मामांनी इकडंतिकडं बघितलं आणि कनवटीतून एक डबी काढली. चंची घरी राहिली होती, पण चुन्याची डबी नेहमीच्या जागी होती. "भित्ताड कशानं पांढरं करत्यात? चुन्यानंच ना? मग दात का न्हाई व्हनार? घास थोडका!"

बुडत्या माणसाला काडीचा आधारही पुष्कळ! मास्तरांनी बोटावर चुना घेतला आणि दातांवरून खसाखसा फिरवला. आता कातावर चुना चढल्यावर काय होतं, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त जन्मात विडा न खाल्लेल्या गिदोन मास्तरांना. आणि मामांना माहीत असून घाईत आठवलं नाही!

मास्तर हसऱ्या चेहऱ्यानं ओसरीवर परत आले.

"अगं बया बया!" छबूबाई किंचाळल्या. "पोराच्या तोंडाला रगत आलंया!"

सगळे मागं सरकले. मास्तरांचं तोंड लालभडक झालेलं, आणि चुना झोंबल्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यात त्यांना ठसका लागला. मास्तर खोकले, आणि पांढऱ्या कोटावर लाल शिंतोडे उडाले!

"खोकल्यातून रगत पडतंया," छबूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "क्षय हाय बाई, क्षय! आन तरी लगीन कराया आला!"

रोझीबाईंच्या हातातली कपबशी निसटली. "नको हो," त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "एक वेळ तंबाखू परवडली! पण हे नको!"

"क्षय नाही!" मास्तर ओरडले. "देवाशपथ क्षय नाही! हा कात आहे! कात आणि चुना!"

पाळकसाहेबांनी मोजायला बोटं पुढं केली.

"कात," पाळकसाहेब म्हणाले. "आणि चुना."

"हो!"

"दोन्ही तोंडात?"

"हो, पण कात पेनातून आला! चुना नंतर लावला!"

"माणसानं आधी काय खाल्लं आणि नंतर काय खाल्लं, हे मी विचारत नाही, गिदोनराव. याला आमच्यात विडाच म्हणतात!" पाळकसाहेबांनी मेजावरचा शपथेचा कागद उचलला. त्यावरची ती तपकिरी, डौलदार सही मास्तरांना दिसली. कागद फाटला की एलिझाबेथही गेली! मास्तरांनी मामांकडे बघितलं. मामा वर छपराकडे बघत होते.

"बाबा, थांबा!"

एलिझाबेथ दाराआडून बाहेर आली होती. अशा वेळी मुलीनं ओसरीवर येऊन बोलायची रीत नव्हती, पण ती आली.

"पारख केल्याशिवाय कुणाला दोष देऊ नये, हे दर रविवारी तुम्हीच सांगता ना? ते म्हणतात पेनात कात आहे. पेन इथं आहे. मग बघा की चाखून! तंबाखू निघाली तर मी स्वतः कागद फाडते. आणि नुसता कात निघाला, तर असलं ध्यान मला चालेल!"

मास्तरांच्या लाल तोंडावर तेवढ्यातही हसू पसरलं. ते बघून छबूबाई आणखी दोन पावलं मागं झाल्या.

आता मंडळीच्या देखत मुलीनं प्रवचनातलंच वाक्य पुढं केल्यावर पाळकसाहेब तरी काय करणार? त्यांनी मास्तरांच्या खिशातून पेन घेतलं. निब तळहातावर आपटली. एक दाट थेंब पडला. त्यांनी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

सगळ्यांच्या माना पुन्हा पुढं झाल्या. पाळकसाहेबांनी जीभ टाळ्याला लावून एकदा टक्क केलं. दुसऱ्यांदा केलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांत, दूरचा, समाधानी भाव आला. असा भाव मंडळीनं त्यांच्या चेहऱ्यावर नाताळच्या उपासनेतही पाहिला नव्हता.

"तंबाखू नाही," डोळे न उघडताच ते म्हणाले. "नुसता कात. पण उकळला फार. कात असा उकळला की कडवटतो. मंद आचेवर शिजवून दुधात घोटला पाहिजे, केवड्याच्या फडक्यात बांधून ठेवला पाहिजे, आणि मग कोवळ्या पानाला, पालथ्या बाजूनं, चुन्याची नुसती बोटभर रेघ, वर एक लवंग टोचून..."

आणि पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

ओसरीवरचे सगळे डोळे आता मास्तरांवर नव्हते.

"अहो," रोझीबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

पाळकसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. दाढी कुरवाळली. एवढ्या वेळानं मामांनी छपरावरची नजर खाली आणली आणि पाळकसाहेबांकडे सख्ख्या भावाच्या मायेनं बघितलं.

"मुलगा निर्व्यसनी आहे!" पाळकसाहेब गरजले. "उगाच कसला उशीर? साखर आणा! साखर वाटा!"

साखरेचं ताट आलं. रीतीप्रमाणे पहिली चिमूट नवरीमुलीच्या तोंडात घालायची असते. पाळकसाहेबांनी ती रोझीबाईंच्या तोंडात घातली. रेशनचे दिवस होते, पण चिमूट कसली, चांगली मूठभर होती!