शुद्ध माफी चालणार नाही

आमच्या विद्यापीठात शिस्तपालन समितीपुढे शुद्ध मराठीत माफी मागणाऱ्याची खैर नसते. अध्यक्ष ढोबळे मॅडम चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "घरी काच फुटली तर आईले असंच सांगतं का गा?" त्यांच्या मते पाठ केलेली माफी म्हणजे कॉपी. "अन् कॉपीची केस अलग लागते."

मी समितीवर नवा होतो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुण्याहून नागपुरात येऊन मनीषनगरात फ्लॅट घेतला होता, पण जीभ काही शिफ्ट झाली नव्हती. पहिल्याच बैठकीत मी म्हणालो, "सदर विद्यार्थ्याने..."

"सदरचा नाही सर, कामठीचा आहे तो," मॅडम म्हणाल्या.

मी मुकाट्याने इतिवृत्तात दुरुस्ती केली. सदर ही नागपुरातली एक वस्ती आहे आणि मॅडमनी माझी चेष्टा केली होती, हे मला घरी गेल्यावर समजलं.

तो कामठीचा म्हणजे रोशन. त्याने कॅन्टीनमध्ये वर्गातल्या एकाच्या कानाखाली वाजवली होती. त्याला परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हे ठरायचं होतं. मला दया आली. बाहेर व्हरांड्यात मी त्याच्याकडून एक वाक्य घोकून घेतलं: 'घडल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.'

आत येऊन रोशन ताठ उभा राहिला. "घडल्या प्रकाराबद्दल मी दिलदार आहे."

"ते आम्ही ठरवू," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे एक नजर टाकली, मग त्याच्याकडे. "काहून मारलं ते सांग."

"तो माह्या मायची नक्कल करून राहिला होता मॅडम. ते फोनवर मले-तुले करते, तशी." त्याचा ताठपणा गळून पडला. "माह्यं चुकलं वं माय."

मी हादरलो. अध्यक्षांना 'वं', म्हणजे थेट 'अगं'! आता दुसरं कलम लागणार. मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या.

"त्या पोराचीबी माफी माग. अन् पेपर दे," त्या म्हणाल्या. "नक्कलवाल्याले आत पाठव."

सगळे गेल्यावर फाईल बांधता बांधता त्या म्हणाल्या, "आई होती तोवर रोज 'जेवली का वं' ऐकू यायचं सर. आता मले 'वं' म्हणणारं कोणी नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्या दिसल्या, तेव्हा इकडेतिकडे बघून धीर केला. "मॅडम, चहा घेता का वं?"

त्या थांबल्या. "पुण्याचं 'वं' आहे सर," म्हणाल्या. "पण चालते."