वेष पालटून येणारा परीक्षक

औषधशास्त्राच्या शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या त्या विद्यार्थ्याची मान, दारावरची घंटा वाजताच, आपोआप वर होत असे. अनुभव मिळावा म्हणून त्याची एका औषधांच्या दुकानात नेमणूक झाली होती, आणि तेथील मुख्य फार्मासिस्ट बाईंनी त्याला बजावले होते, "या आठवड्यात परीक्षक गिऱ्हाईक बनून येतील. नापास झालात, तर सरळ घरचं विमान!"

घरी मामाचे औषधांचे दुकान असल्याने 'गिऱ्हाईक दिसलं की पुडकं हातात' हा संस्कार विद्यार्थ्याच्या हाडीमासी खिळला होता. येथे मात्र प्रत्येक रुग्णाला आतल्या खोलीत बसवून, तो आणखी कोणती औषधे घेतो हे विचारण्याची रीत होती. एवढा वेळ ऐऱ्यागैऱ्यावर खर्चणे त्याच्या जिवावर येई. सबब, परीक्षक तेवढा ओळखावा आणि आपली समग्र विद्या त्याच्यावरच ओतावी, असा त्याने दृढनिश्चय केला.

गुरुवारी एक आजोबा आले. टोपी कपाळापर्यंत ओढलेली आणि मिशा अशा दाट, की त्या खऱ्या असणे विद्यार्थ्यास सर्वथा अशक्य वाटले.

"खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या द्या."

"आत बसा आजोबा. आणखी कोणकोणती औषधं चालू आहेत?"

"अहो, गोळ्या मागतोय, तुमच्या बहिणीला मागणी नाही घालत! एवढी चौकशी कशाला?"

'काय हुबेहूब वठवलंय!' विद्यार्थी मनोमन धन्य झाला. "घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. त्याशिवाय गोळी मिळणार नाही."

आजोबा पाय आपटत गेले आणि थोड्या वेळाने पिशवी आदळत परतले. विद्यार्थ्याने डबी न् डबी तपासली व त्यांतील दोन बाजूला काढल्या. नावे निराळी, रंग निराळे. औषध मात्र एकच, रक्तदाबाचे. दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या नकळत लिहून दिलेले.

"रोज दोन्ही घेता?"

"दोन्ही. हल्ली चालताना भिंत धरावी लागते. आमची म्हातारी म्हणते, वय झालं."

विद्यार्थ्याने डोळा मिचकावला. "सापळा ओळखला बरं का, साहेब! आता काढा ती मिशी."

"काय काढू?"

विद्यार्थ्याने अत्यंत आदरपूर्वक मिशीला हिसका दिला. आजोबांच्या आरोळीने बाई धावत आल्या. मिशी खरी होती. औषधांचा घोळही खरा होता. बाईंनी तत्काळ डॉक्टरांना फोन लावला आणि एक गोळी बंद झाली.

मग बाई विद्यार्थ्याकडे वळल्या. "परीक्षक सोमवारीच येऊन गेले. सर्दीचं औषध मागितलं, तर तुम्ही दाराकडे बघत पुडकं हातात कोंबलंत. नापास केलंय तुम्हाला. सांगायला माझी जीभच रेटेना."

विद्यार्थ्याला घरचे विमान दिसू लागले. परंतु आजोबा मिशी चोळत उसळले.

"नापास? हा? माझ्या मिशीला हात घातला तरी मी म्हणतो, पास! द्या तो फोन इकडे."

आजोबा फोनवर परीक्षकांशी काय बोलले ते सांगण्याजोगे नाही, मात्र त्यांच्या आवाजाने समोरच्या फुटपाथवरचे लोक थबकून पाहू लागले. परीक्षकांनी पुन्हा येण्याचे मान्य केले.

शुक्रवारी परीक्षक उघडपणेच आले. आजोबा दाराशी खुर्ची टाकून बसलेच होते.

"सर्दीचं औषध द्या," परीक्षक म्हणाले.

विद्यार्थ्याने त्यांना आतल्या खोलीत बसवले. "साहेब, दुसरं काही औषध चालू आहे?"

"छे, विशेष काही नाही."

"विशेष नाही म्हणजे आहे!" आजोबा बाहेरून गरजले. "सोडू नकोस रे! पिशवी आणायला लाव!"

विद्यार्थ्याने हात जोडले. "साहेब, आणाच."

परीक्षकांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. निमूट उठून ते निघाले आणि दारात थबकले.

"तुम्ही पास आहात," ते हळूच म्हणाले. "पण दुकान लवकर बंद करू नका. मला दोन खेपा कराव्या लागतील."