आबांचं व्हिएतनाम

आमच्या कॉलनीतले आबा रस्ता ओलांडताना थांबत नाहीत. धुळ्याच्या बसस्टँडसमोर, जिथे रिक्षावाला रिक्षावाल्याला जागा देत नाही, तिथे आबा उजवा हात किंचित वर करतात आणि देवळात प्रदक्षिणा घालावी तसे संथपणे निघतात. ब्रेक करकचून लागतात, आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पलीकडे पोचल्यावर ते वळून मला समजावतात, "थांबानं नही, पयानं नही. एका चालीनं चालत ऱ्हावानं. गाड्या आपोआप बाजूनं जातस. हनोईमा बठ्ठा लोके असंच करतस."

हनोईत करत असतील. मी मात्र सिग्नलपर्यंत वळसा घालून जातो.

आबांचं शिंदखेड्याला बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. या धंद्यातली माणसं परदेशात स्वतःहून जात नाहीत, कंपनी त्यांना पाठवते. स्कीम असते. एवढी पोती खपवली की थायलंड, त्याहून जास्त खपवली की दुबई, तीही जोडीनं. आमच्या भागात कित्येकांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट खतांच्या कृपेनं काढला आहे. काही वर्षांपूर्वी आबांना व्हिएतनाम लागलं, आणि तेव्हापासून ते आम्हा सगळ्यांना लागलं.

विषय कुठलाही असो, आबा त्याला धरून व्हिएतनामला नेतात. माझी बायको सुनीता गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालत असली की खालून आवाज येतो, "ताई, तठे तांदूळन्या करतस! बांबूना तट्ट्यावर टाकतस. गावनं गाव पांढरं दिसस." आणि तिकडे त्या तळत नाहीत म्हणे. वाळलेल्या पुन्हा पाण्यात भिजवतात आणि आत पालाभाजी गुंडाळून खातात. मरमर करून वाळवलेलं पुन्हा भिजवायचं, हे सुनीताला अजून पटलेलं नाही.

एकदा तर शेजारच्या नानांच्या तेराव्याला आबा सुरू झाले. तिकडे म्हणे घराघरात पितरांचा चौरंग असतो. त्यावर फोटो, उदबत्ती, केळ्यांची फणी. "आपला पितर म्हणजे पंधरा दिवसना पाव्हना. त्यास्ना पितर घरमाच ऱ्हास." पंगतीत लोकांना हसावं की मान डोलवावी ते कळेना. होई आन नावाच्या गावाबद्दल बोलताना तर त्यांचा आवाजच बदलतो. "दारोदार आकाशकंदील, नदीमा दिवा सोडेल, अन् दिवाळी नही, काही नही!"

मला एक गोष्ट मात्र खटकायची. भाताची खाचरं हिरवीगार होती, असं आबा रंगवून सांगत. एकदा मी विचारलं, "भाताला ते खत कोणतं घालतात?" खतांचा व्यापारी माणूस, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. तिथल्या बायकांच्या लांब अंगरख्याला कमरेपासून चीर कशी असते, पानांच्या निमुळत्या टोपीची फीत त्या अंगरख्याला जुळती कशी घेतात, हे मात्र तोंडपाठ.

आता कॉलनीत जे दबक्या आवाजात बोललं जायचं, तेही सांगायला हवं. तिकिटं आल्यावर आबांच्या बायकोचं, लीलाअक्कांचं, डायलिसिस सुरू झालं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. आणि आबा एकटे गेले. त्या दिवसांत अक्कांना दवाखान्यात न्यायचं-आणायचं काम सुनीतानं केलं. "बायको सुईवर आणि नवरा बोटीवर," असं ती पुढे कितीतरी दिवस म्हणायची. मग अक्का वारल्या. आबांचं व्हिएतनाम थांबेल असं वाटलं होतं, पण ते उलट वाढलं. सुनीतानं त्यांच्याशी बोलणंच कमी केलं.

यंदा मी रिटायर झालो आणि आम्हीच व्हिएतनामचं बुकिंग केलं. हल्ली सगळेच जातात. घराशेजारी एवढा अनुभवी माणूस असताना विचारायला नको? आबांकडे सुनीता नाखुशीनंच आली.

आबांनी स्वतः चहा ठेवला. कपाला कान नव्हता, पण उत्साह दांडगा. हा लाँग बे, म्हणजे त्या समुद्रातल्या डोंगरांपर्यंत ते झपाट्यानं पोचले. "पाण्यामा डोंगरच डोंगर. सातपुडा आंघोळले उतरेल असा!"

"आबा, बोटीच्या कुठल्या बाजूनं चांगले दिसतात?" सुनीतानं विचारलं. "त्याच बाजूची जागा धरू."

आबा थांबले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, ते नही सांगता येनार. मी डोंगर देखातच नही."

"मग बोटीवर केलंत काय?" सुनीतानं विचारलं.

"मी जातच नव्हतो. तिनं शपथ घातली. म्हने, तुमी जा, मी आठूनच देखस. गाइडनं तठलं सिमकार्ड घी दिनं. मी व्हिडिओ कॉल लाईसन फोन धरे, त्याची पाठ डोंगराकडे, तोंड मन्हाकडे. तिले डोंगर दिसे. माले फक्त ती दिसे." आबा थोडं हसले. "गाइड बोंबले, काका, समोर देखा, समोर! मी म्हनू, समोरच देखी ऱ्हायनू ना भाऊ."

"म्हणजे ते कंदील, टोप्या, बिबड्या..." मी म्हटलं.

"बठ्ठं तिनं सांगेल शे. ती देखे अन् माले सांगे. आते मी तुम्हले सांगस. माले दुसरं काही येतच नही."

सुनीताचा चेहरा उतरला. "मशीनवर असताना अक्का कानात वायर घालून फोन बघत असायच्या," ती म्हणाली. "मधूनच हसायच्या. मला वाटायचं, मालिका बघतात."

मला त्या माणसाबद्दल एकदम इतकी माया वाटली की उठून त्यांचा हात धरावा. पण धुळ्यात पुरुषमाणसं असं करत नाहीत. मी चहा संपवला.

निघालो तेव्हा आबा फाटकापर्यंत आले. "ताई, बोटीवर बसल्यात का एक देखज्यात. ती म्हने, पाणी हिरवं शे, मोरपीस जसं. खरंच तसं शे का?"

"आल्या आल्या सांगते आबा," सुनीता म्हणाली. "नाहीतर तिथूनच फोन लावते."

आबा "बरं" म्हणून वळले. दोन पावलं जाऊन पुन्हा फाटकाशी आले.

"नको ताई. निळं निंघनं तं माले सांगू नका."