नामाकाकांनी मला नापास केलं

नामाकाका थापा मारायचे, पण जागा बघून. आमच्या जोहे गावात घरोघरी गणपतीचे कारखाने. काकांचा कारखाना आमच्या भिंतीला लागून. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी झाली, की तिच्यासमोर काका ना शिवी देत, ना खोटं बोलत. "आता त्याला दिसतंय," म्हणायचे. गिऱ्हाइकाने "माल कधी देताय?" विचारलं, की त्याचं कोपर धरून मागच्या अंगाला न्यायचे. तिथं बिनडोळ्यांच्या पांढऱ्या मूर्ती वाळत असायच्या. तिथं उभं राहून ठणकावून सांगायचे, "परवा!"

मी बारावी पास झाले. आमच्या घरात तोवर कुणी दहावीचं तोंड पाहिलं नव्हतं. पेणच्या कॉलेजात नाव लागलं आणि त्याच आठवड्यात बाबा माळ्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, सीझन तोंडावर. कॉलेजातले सर भले माणूस. म्हणाले, "वर्षभर थांब. पुढच्या जूनला ये, तुझी जागा ठेवतो." मी काकांकडे रंगकामाला बसले.

गावाला हे थांबणं काही कळेना. पास झाली, तर जात का नाही? सकाळची पेणची एसटी समोर थांबली, की खिडकीतून वर्गातल्या मुली बघायच्या. मी मोठ्या मूर्तीच्या सोंडेआड तोंड लपवायचे.

एक दिवस हमरापूरच्या पार्वतीकाकू आल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नामा, पोर हुशार ना रे तुमची? मग हितं काय करते?"

काकांनी त्यांचं कोपर धरलं. मागच्या अंगाला नेलं. मागून आवाज आला, "नापास झाली गो. इंग्रजीत. कुठं बोलू नको."

पार्वतीकाकूंना असं सांगणं म्हणजे दवंडीच. इंग्रजीत तर मी वर्गात पहिली होते!

"काका, मी पास झालेय!"

"मला ठाव हाय."

"मग?"

"इंग्रजी नको? बरं, गणित सांगतो."

दिवाळीपर्यंत त्यांनी मला इतिहासातही पाडलं. निडीच्या मावशीने अंगारा पाठवला. बायका माझ्या आईला "धीर धर" म्हणायच्या. मी लग्नाकार्याला जाणं सोडलं. काकांशी कामापुरतंच बोलायचे.

जून आला. बाबा हिंडूफिरू लागले. मी कॉलेजला निघाले त्या सकाळी कारखान्यात शिरले आणि विचारलंच, "माझी इतकी अब्रू का घालवलीत?"

काका एका मूर्तीचे डोळे आखत होते. कुंचला थांबला नाही.

"पार्वती डोलवीच्या कंपनीतल्या पोराचं स्थळ घेऊन फिरत व्हती. त्याला बारावी पास पायजे व्हती. तुझा बाबा खाटेवर. नाय म्हणाला नसता."

मी पिशवी खाली ठेवली.

"आमची सुमन सातवी पास झाली," काका म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची धाकटी बहीण. "आई बोलली, यंदाचं वरीस भाताच्या कामाला थांब, मग जा आठवीला. दिवाळीत, शिकलेली पोर म्हणून मागणी आली, माघात दिली तिला. अजून माहेरी आली, की मला म्हणते, दादा, माझी शाळा ऱ्हायली."

"पण त्यात तुमचं काय चुकलं, काका?"

त्यांनी कुंचला खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"सुमन पास झाली म्हणून गावभर पेढे मीच वाटले व्हते गो."