लाल दोऱ्याचा कप

कामाच्या खोलीतल्या फळीवरचा कप नाहीसा झाल्याचं जोडकाकांना सकाळी दिवा लावल्याबरोबर कळलं. धुळीत एक गोल तेवढा उरला होता.

जोडकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मातीखाली गेलेल्या जुन्या गावाच्या खोदकामात निघालेली खापरं ते जोडत, म्हणून सगळे तसं म्हणत. रांजण, दिवे, चुलीचे काठ जोडता जोडता त्यांच्या हाताखाली एकेक घर पुन्हा उभं राही. एका घरात तर समुद्रापलीकडून आलेली सुरई निघाली होती, तळाशी काळी खरवड धरलेली. खरवडीवरून आत काय होतं ते कळतं. म्हणून नियम असा, की खरवडीचं भांडं धुवायचं नाही, त्याला लाल दोरा बांधायचा.

काकूंनी शेवटचा चहा घेतला तो कप काकांनी इथे आणून ठेवला होता. तळाशी चहाचं वाळलेलं वर्तुळ. काकू गेल्यावर मुलगा-सून राहायला आले, आणि सूनबाई उन्हालासुद्धा पुसून घरात घेणाऱ्या. मग काकांनी कपाच्या कानाला लाल दोरा बांधला आणि तो सुरईशेजारी ठेवून दिला.

"बाई, इथला कप?"

"दोरेवाली सगळी भांडी कालच प्रयोगशाळेत गेली," खोदकामाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "का हो?"

"तिथे काय करतात त्यांचं?"

"खरवड काढतात."

काकांनी लगेच प्रयोगशाळेत फोन लावला.

"हॅलो, त्यातला फुलाफुलांचा कप..."

"ओळखलं आम्ही!" पलीकडचा तपासनीस खूश होऊन म्हणाला. "आमची परीक्षा बघायला मुद्दाम नवा कप घातलात ना? सगळ्यात आधी तोच घेतला."

"सगळं खरवडलंत?"

"छे! अर्धं ठेवतोच आम्ही."

अर्धं तरी होतं.

"आता निकाल ऐका. चहा लांबच्या डोंगरावरचा. लवंग समुद्रापलीकडची. कपाची माती तिसऱ्याच मुलखातली. कप एवढासा, पण व्यापार केवढा!"

काकांचे डोळे मिटले. गलबतं, बैलांचे तांडे, सगळे त्यांच्या ओट्याशी येऊन थांबले होते. काकू कमरेवर हात ठेवून एकेकाचा माल वास घेऊन पारखत होत्या.

"आणि साखर. भरपूर. तीन चमचे तरी."

"चुकलात. तेव्हा आमच्या घरात साखरेचा कण नव्हता. डॉक्टरांनी माझी बंद केली, त्याच दिवशी तिनेही सोडली."

"दोनदा तपासलंय, काका."

काकांनी फोन खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलू लागले. बाई पाणी घेऊन धावल्या.

"रडू नका हो, काका."

"रडतोय कुठे! अहो, माझ्यासमोर बसून तोंड वाकडं करायची! 'तुमच्यापायी हे कडू घोटतेय' म्हणायची! आणि मी दर वेळी माफी मागायचो!"

कप परत आला. त्या दिवसापासून काकांनी घरात रीतसर खोदकाम सुरू केलं. वरून खाली, एकेक थर. सूनबाई स्टूल धरून उभ्या राहतात.

"पण बाबा, इतकी वर्षं साखर घरात, आणि मुंग्या नाही लागल्या?"

"ती लपवायला बसली म्हणजे मुंग्यांना काय कळणार?"

माळा झाला, कोठीची खोली झाली, शिवणयंत्राचे खण झाले. साखरेचा डबा अजून सापडलेला नाही.